मेलं तर

काळ्या पडद्यावर पांढरी एक ओळ:
चालू होण्यासारखं काही सापडलं नाही.
पुढे नुसती लुकलुकणारी रेघ,
उंबऱ्यात उभं राहून आत न येणाऱ्या पाहुण्यासारखी.

बाहेर पथारीवर मिरची पसरलेली,
नंदुरबारच्या वेशीपासून थेट नाल्यापर्यंत लाल.
काट्यावर तिसरा ट्रॅक्टर येऊन थांबला.
हस्तीमलशेठ सुपारी कातरता कातरता थांबले, म्हणाले,
आता?

आता मी ड्रॉवर उघडला.
टाचण्या, शाईचं पॅड, आंबटढेकरांच्या गोळ्या,
आणि तळाला कुंकवाच्या रिकाम्या डबीत
भटू शिंपीनं नोकरी सोडताना दिलेला पेनड्राइव्ह.
चिकटपट्टीवर त्याचं किरटं अक्षर:
मेलं तर.

भटू आता सुरतेला. लूमच्या खडखडाटातच फोन उचलला.
काय दिखस, कोकिळाबहिनी?
काहीच दिखत नही.
मंग ते खुपस, बंद कर, परत चालू कर,
नि एफ दोन दाबत ऱ्हा. घाबरू नको वं, काही मोडत नही.

पहिल्यांदा उशीर झाला.
दुसऱ्यांदा बोट एफ तीनवर.
तिसऱ्यांदा खोकला आला,
मिरचीच्या दिवसांत खोकल्याला वेळकाळ नसतो.
कंपनीचं नाव उमटतं आणि जातं,
त्या मधल्या फटीत बोट घालायचं असतं.
पंचवीस वर्षं कळण्याची भाकर उलटते मी.
कडा सुटल्याचा क्षण डोळ्यांना दिसत नाही,
मनगटाला कळतो.
चौथ्यांदा मी पडद्याकडे बघितलंच नाही.

निळी पाटी उघडली.
कोपऱ्यात तारीख: एक जानेवारी, दोन हजार दहा.
आतला बटणाएवढा सेल गेला असंल, भटू म्हणाला.
दोन हजार दहात मी हे ऑफिस झाडायला यायचे.
काँप्युटरवर फुलाफुलांचं कापड असायचं.
वरून झटकायचं, उचलायचं नाही,
असा हुकूम होता.
तारीख मी लगेच बदलली नाही.

मशीन जागं झालं की विचारत सुटतं, भटू सांगत होता,
कुणाच्या जिवावर उठू?
आधी डिस्कला. ती धड हो म्हणत नाही, धड नाही,
आणि हे बापडं तिथंच ताटकळतं.
चार ओळींची यादी. पेनड्राइव्ह शेवटी.
अधिकचं चिन्ह दाबलं, तो एक पायरी वर सरकला.
परत दाबलं.
आमच्या घरी पंगतीचा क्रम
असा एका बोटानं कधी हलला नव्हता.
परत दाबलं.

मग बराच वेळ काहीच नाही.
पेनड्राइव्हचा मुंगीएवढा दिवा तेवढा धडधडत होता.
दोन चौकोन आले: सगळं पुसून नवं भरू?
की आहे ते वाचवू?
भटू लूमच्या वरताण ओरडला, पहिलं नको दाबू वं!

यात आपलं काही नाही, बहिनी, नंतर तो शांतपणे म्हणाला.
वजनं नाहीत, नावं नाहीत, पावत्या नाहीत.
फक्त सुरू कसं व्हायचं, तेवढंच भरलंय.
मला आई आठवली,
शेजारून पळीवर विस्तव आणणारी, पदर आडवा धरून.
त्या पळीत भाजी नसायची.

वजनं आत होती. सगळी.
ओली लाल, एकतीस क्विंटल चाळीस.
सुकी, नऊ क्विंटल.
ट्रॅक्टरवाल्याला हाक मारली, घे रे पुढं.

पेनड्राइव्ह डबीत ठेवताना
भटूच्या दोन शब्दांखाली मी माझे लिहिले:
एफ दोन. घाई नको.

तारीख बदलायची मात्र राहूनच गेली.
त्या दुपारच्या तीन पावत्यांवर दोन हजार दहा छापलंय.
दोन शेठनी पेनानं दुरुस्त केल्या.
एक मी ठेवली.